पेवाचे तोंड

मराठीत असे कित्येक शब्द आहेत की जे बोलणाऱ्याच्या जिभेवर रोज खेळत असतात, परंतु ज्या वस्तूवरून ते निघाले ती वस्तू त्याच्या घरातून दोन-तीन पिढ्यांपूर्वीच नाहीशी झालेली असते. ‘पेव’ हा त्यांतलाच एक. शिकवणीवर्गांचे पेव फुटले, पतसंस्थांचे पेव फुटले, असे आपण सहज लिहून जातो. पण लिहिणाऱ्याने धान्याचे पेव फुटलेले तर राहोच, साधे उघडलेलेही पाहिलेले असण्याचा संभव फार थोडा. वर्तमानपत्रांतून भेटणारी ‘परकीय चलनाची गंगाजळी’ही त्याच जातीची. काशीयात्रेहून परतलेल्या वडीलधाऱ्याने आणलेला, तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा लहानसा गडू देवघराच्या कोनाड्यात वर्षानुवर्षे तसाच असे, घरच्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही असा दंडक असे, आणि घरातल्या कोणाची अखेरची घटका आली म्हणजे तो फोडून त्यातले चार थेंब तुळशीपत्राबरोबर त्याच्या ओठांवर सोडीत. ही खरी गंगाजळी. जो प्रसंग कोणत्याही घराला चुकलेला नाही, त्याची तजवीज तो येण्याच्या वीस-वीस वर्षे आधी करून ठेवणाऱ्या लोकांनी राखीव द्रव्याला तेच नाव द्यावे, यात मला मोठे औचित्य वाटते.

याच पंक्तीला बसणारे आणखी दोन शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि इतके घरचे झाले की त्यांचे परकेपण आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘बेगमी’ हा त्यांतला पहिला. राणीवाचक बेगमेशी त्याचा काही संबंध नाही. ‘गम’ म्हणजे दुःख, काळजी, आणि ती जिथे नाही ती बेगमी. दुसरा शब्द ‘तरतूद’. त्याचे मूळ जे ‘तरद्दुद’, त्याचा अर्थ येरझारा, घालमेल, विवंचना. म्हणजे साठा करण्याच्या एकाच कृतीला आम्ही एका बाजूने काळजीचे नाव दिले आणि दुसऱ्या बाजूने काळजी सरल्याचे. कोठीघरात शिरताना तरतूद आणि तिथून बाहेर पडताना बेगमी, असा हा हिशेब आहे. मात्र ती घालमेल बारा महिन्यांची नसे. पंचांगाने तिला वैशाख-ज्येष्ठाचे आवार घालून दिले होते, आणि त्या आवारात ती पुरी करून घर मोकळे होत असे. संकट कधी येईल हे ठाऊक नसले तरी पाऊस कधी येईल हे ठाऊक होते. त्या ठाऊक असलेल्या पावसासाठी दरसाल केलेली तयारी अकल्पित संकटालाही पुष्कळ अंशी पुरून उरत असे, आणि न पुरली तर का पुरली नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

कोकणातल्या घराला पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा वेढाच असे. गलबते आणि मचवे वाळूवर ओढून झापांखाली झाकले की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचा रस्ता बंद. घाटवाटा निसरड्या, ओढे दुथडी, आणि पलीकडच्या वाडीतल्या माणसाची गाठ पडायलाही पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागे. म्हणून आगोट लागण्यापूर्वी, म्हणजे पहिल्या सरी पडण्याआधी, जे घरात येईल तेवढेच घरचे. भाताचे मुडे पेंढ्यात आवळून माळ्यावर चढत. मिठाची गोण चुलीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात, खाली रिकामे भांडे ठेवून, टांगली जाई, कारण आषाढात मीठ पाझरते आणि ते पाझरलेले पाणीसुद्धा कोणी फेकून देत नसे. आमसुले, कोकमाचे आगळ, आंब्याफणसाची साठे, सांडगे, चिंचेचे गोळे, सुकट, सोडे, वाकट्या, बोंबील, ज्याच्या त्याच्या आचाराप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. लाकूडफाटा पडवीत रचला जाई. नारळाच्या झावळ्यांची झापे विणून ओटीच्या पावसाळी अंगाला झडी बांधल्या जात. इरली उतरवून त्यांची पाने बदलली जात. मुंबईजवळच्या आगरी-कोळी गावांत या सगळ्या खटाटोपाला ‘आगोटीचे सामान’ म्हणतात. गोव्यात त्याला ‘पुरुमेंत’ हे नाव आहे, पोर्तुगीजांच्या ‘प्रोव्हिमेंतू’ या शब्दावरून आलेले. आणि मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे जे फेस्त मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी भरते, त्याला लोक आजही पुरुमेंताचे फेस्त म्हणूनच ओळखतात. तिथे सुक्या मिरच्या, सोलां, कांद्याच्या माळा, खारे मासळे आणि मडकी यांची खरेदी होते. चर्चचा सण, फिरंगी शब्द, आणि आत मात्र तीच वैशाखातली घालमेल.

या सगळ्या साठ्यावर हुकमत घरच्या वडील बाईची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली ती सासू पुढे कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून पुष्कळ बदनाम झाली, आणि त्या बदनामीत तथ्यांश नव्हता असे नाही. पण कोठीत पायल्या किती, त्यांतून दररोज मापटे किती निघते, श्रावणातले सणवार आणि भाद्रपदातले पक्ष यांना किती बाजूला ठेवावे लागेल, आणि आश्विनात नवे भात हाती येईपर्यंत तळ दिसणार की नाही, हा सारा जमाखर्च अक्षरओळख नसताना तिच्या डोक्यात असे. डाळीला एरंडेलाचा हात लावून तिने ती डब्यात भरावी, ज्वारीच्या थरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, कडधान्यात राख मिसळावी. चुलीवरच्या धुरात टांगलेल्या बियाण्याच्या मडक्याकडे मात्र, घरात उपास पडले तरी, कोणी वर मान करून पाहू नये असा तिचा धाक असे. उतरंडीच्या सर्वांत खालच्या मडक्यात चार नाणी असत, ती तिच्यावाचून दुसऱ्या कोणाला ठाऊक नसत. उतरंड वरून खाली उतरवल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही, आणि ती उतरवण्याइतका निकराचा प्रसंग घरावर आलाच तर तो सर्वांच्या देखतच यावा, अशी ती व्यवस्था होती. सहाणेवर उगाळायच्या मुळ्यांचा आणि हिरड्या-वेखंडाचा बटवाही तिच्याकडेच. रात्री निजण्यापूर्वी चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवण्याचे कामही तिचेच, कारण आगपेटी येण्यापूर्वी विझलेली चूल म्हणजे उजाडता उजाडता शेजाऱ्याच्या दारी खापर घेऊन जाणे.

गडावरची व्यवस्था याच घरगुती शहाणपणाची मोठी आवृत्ती होती. सभासदाने आपल्या बखरीत सांगितलेल्या रचनेत प्रत्येक गडावर हवालदार आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे, आणि दाणागोटा व सामान यांचा हिशेब त्याच्या गळ्यात असे. किल्ल्यांचा जुडगा तेवढा निराळा. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातल्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्या ज्याने पाहिल्या असतील, त्याला त्या दगडी कमानींखालच्या थंडगार अंधारात उभे राहिल्यावर वेढ्याची कल्पना तटबंदीपेक्षा अधिक येते. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे म्हणतात. पाण्याच्या बाबतीत तर आज्ञापत्राच्या कर्त्याची दृष्टी विलक्षण बारीक आहे. इसवी सन १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या त्या राजनीतीत, असे सांगितले आहे की गडावर झरा आहे म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. झुंजाच्या समयी तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि पाणी तर त्याच वेळी अधिक लागते, म्हणून जखिऱ्याची दोन-चार टाकी निराळी बांधून ठेवावी. तोफांनी झरे आटतात की नाही, हे भूगर्भशास्त्र्यांनी ठरवावे. परंतु जो आधार रोज पुरतो तोच नेमका संकटात दगा देतो, ही गोष्ट ज्याला अनुभवाने कळलेली आहे अशाच माणसाचे हे लिहिणे आहे.

आणि राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांच्या दफ्तरातून चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला गेलेले ते पत्र! त्याचे स्मरण आपल्याकडे रयतेला उपद्रव न देण्याच्या ताकिदीसंबंधाने फार होते. मला त्यात आगोटीच्या तोंडावर घरातल्या कर्त्या माणसाने केलेली कटकट ऐकू येते, आणि म्हणूनच ते अधिक थोर वाटते. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण जमा केली आहे. ती आता बेफाम उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांची भाकरी, गवत, लाकूडफाटा उचलू लागाल, आणि लोकांना मोगल परवडला असे होईल. इथवरचा भाग राज्यकर्त्याचा. पण पुढे पत्र गवताच्या गंजींकडे वळते. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, जागा वाऱ्याची आहे की नाही हे न पाहता कोणी दिवा तसाच ठेवील, आणि रात्री उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल. एका गंजीला आग लागली की सारी बेगमी गेली. एवढ्या दौलतीचा धनी, ज्याच्यासमोर औरंगजेबापासून सिद्दीपर्यंत सगळे दुष्मन उभे, तो वात घेऊन पळणाऱ्या उंदराचा विचार करतो आहे. घराची तजवीज कोणत्या वाटेने नासते, हे ज्याने गवताने शाकारलेल्या घरात एक उन्हाळा काढला असेल त्यालाच ठाऊक.

आता देशावर यावे. देशावरचे संकट निराळे. तिथे पावसाच्या येण्याचे भय नव्हते, न येण्याचे होते. पुण्याच्या पूर्वेला, इंदापूर, बारशी, मंगळवेढे, विजापूर या पट्ट्यात पाच वर्षांत एक साल भरघोस, दोन बेताची आणि उरलेली रडकी, असा कुणब्याचा ढोबळ ठोकताळा असे. म्हणून तिथल्या साठवणीला चार महिने पुरणारे माप चालत नसे. भरघोस सालची ज्वारी रडक्या सालापर्यंत पोहोचवावी लागे, आणि ती पोहोचवणारे वाहन म्हणजे पेव.

पेव काळीत खणता येत नाही. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. ते खणायचे पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या चढाच्या, टणक, मुरमाड जागेत, कधी वाड्याच्या चौकात तर कधी वेशीजवळच्या मोकळ्या टेकाडावर, जिथे गावातल्या दहा-वीस घरांची पेवे शेजारी शेजारी असत. तोंड इतकेच की एक माणूस अंग चोरून उतरावा. आत मात्र रांजणासारखे पोट, पुरुष-दोन पुरुष खोल. खणून झाले की आत काटक्या-गोवऱ्या पेटवून भिंती शेकून घ्यायच्या, म्हणजे ओल मरते आणि कसर-वाळवीही जळते. मग तळाला आणि कडेला कडब्याचा किंवा गवताचा जाड थर, त्यात ज्वारी तोंडापर्यंत, वर पुन्हा गवत, त्यावर फरशी, फरशीवर चिखल आणि शेण, आणि त्यावर आसपासच्या जमिनीसारखीच माती. पावसाळा उलटला की वरून माणसे चालत, पोरे खेळत, गुरे बसत, आणि खाली शे-पन्नास मण धान्य आपल्या अंधारात निश्चिंत पडून असे. सैन्ये येत, पेंढारी येत, वाड्याची दारे फोडत, पण पायाखालचे तोंड ओळखणे सोपे नसे.

ही निश्चिंती कशी येते, तेही पाहण्याजोगे आहे. धान्याचा दाणा मेलेला नसतो. तो मंदपणे श्वास घेत असतो, त्याच्याबरोबर आत गेलेले किडेही घेत असतात. तोंड लिंपून बंद झाले की पेवातली हवा थोड्याच दिवसांत वापरली जाते आणि तिच्या जागी जड, कोंदट वायू भरतो. त्यात किडा गुदमरतो आणि दाणा झोपी जातो. म्हणजे वर्षानुवर्षे ज्वारीला भुंगा लागत नसे तो कोणत्या औषधामुळे नव्हे, तर आत श्वास घेता येत नसे म्हणून. पण तो वायू भुंगा आणि माणूस यांत भेद करीत नाही. पेव उघडून लगेच आत उतरलेली माणसे वर आली नाहीत, अशा हकिगती त्या मुलखातल्या बहुतेक गावांत आहेत. आणि एकाला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशा त्या बहुधा एका माणसाच्या नसतात. म्हणून फरशी सरकवल्यावर पेव अर्धा दिवस उघडे ठेवायचे आणि मग दोरीला बांधून दिवा खाली सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तर माणूस उतरायचा. उघडलेल्या पेवाचा वास आंबूस असतो. कडेची ज्वारी पिवळी-तांबूस पडलेली असते, तिची भाकरी काळपट आणि किंचित कडवट होते. ती गुरांना किंवा गड्याला आणि मधली पांढरी ज्वारी धन्याच्या ताटाला, अशीही वाटणी होत असे, हे सांगितल्यावाचून पेवाचे चित्र खरे होणार नाही. बेगमी ज्याच्याकडे जमीन त्याची. बलुतेदाराची बेगमी दुसऱ्याच्या खळ्यावर ठरत असे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाने भाकरी वाळवून ठेवणे, हीच त्याची कणगी.

इतके असूनही दुष्काळ पडले, आणि असे पडले की पेवांचे तळ लागूनही ते सरले नाहीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षे चालला म्हणून सांगतात त्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचे नाव अजूनही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत, बेदरच्या बादशहाचे कामदार, यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि त्या धान्याचे मोल विठ्ठलाने महाराच्या रूपाने बेदरला जाऊन भरले, ही कथा भक्तीची म्हणून आपण ऐकतो. पण तिचा कणा अगदी प्रापंचिक आहे. गावची पेवे रिती झाली होती आणि सरकारचे कोठार भरलेले होते, आणि त्या दोहोंमध्ये फक्त एका कारकुनाची सही होती. १६३० ते १६३२ चा दुष्काळ त्याहून जवळचा. त्या सालात शिवनेरीवर, टाकी आणि कोठार असलेल्या गडावर, शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आणि त्याच दुष्काळात खाली देहूस, ज्याच्या घरी पिढीजात वाणसवदा आणि सावकारी, त्या तुकोबांची बायको आणि मुलगा गेले. अन्नावाचून तिचा अंत झाला असे परंपरा सांगते. दुकानदाराच्या घरातच दाणा नाही, ही त्या कालाच्या भीषणतेची साक्ष होय. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हेही परंपराच सांगते. मला त्यात विरक्तीइतकाच हिशेबही दिसतो, कारण ज्यांच्याकडून येणे होते त्यांची पेवे त्यांना ठाऊक होती.

हे दुष्काळ अस्मानी. पेव कायमचे रिते झाले ते मात्र भरल्या सालात, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी नवी पाहणी आणि जमाबंदी चालू केली, ती आधीच्या अंदाधुंदीपेक्षा सौम्य होती यात शंका नाही. परंतु तिच्यात सारा ठरलेला, रोकड आणि हप्त्याच्या तारखेला होता, आणि हप्त्याची तारीख सुगीच्या पाठोपाठ येत असे. ज्वारी घरात येते न येते तोच ती विकून रुपये करणे भाग पडू लागले, आणि जेव्हा सगळेच विकतात तेव्हा भाव कोणता मिळतो हे सांगायला नको. तीच ज्वारी उन्हाळ्यात सावकाराकडून सवाईने परत यायची. मग १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली, १८५८ मध्ये ती खंडाळ्याहून पुण्याला आली, १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, आणि १८६३ मध्ये बोरघाट फोडून मुंबईला सलग जोडली गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेल्या तेजीत ज्वारीची रानेही कापसाखाली गेली. आणि ती तेजी जशी आली तशी १८६५ नंतर ओसरलीही. धान्य पेवात ठेवणे हे आता शहाण्या माणसाला आडमुठेपणाचे वाटू लागले. गाडी आहे, बाजार आहे, रुपये गाठीला असले की केव्हाही दाणा विकत मिळेल, असा तो नवा विश्वास होता, आणि त्या काळच्या मनुष्याने तो धरला म्हणून त्याला दोष देता येत नाही. १८७५ च्या १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खते जाळली, तेव्हा जळत होते ते कागद. पूर्वीच्या काळी माणसे धान्यासाठी कोठारांवर चालून गेली असती. आता पेवातले धान्य कागदात उतरले होते.

पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पाऊस आला नाही. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, कलादगी, बेळगाव, धारवाड असा मुलूखच्या मुलूख होरपळला, आणि जी गाडी धान्य घेऊन गेली होती तीच ते परत घेऊन आली. पण ते भावाने आले, आणि ज्याच्याकडे रुपये नव्हते त्याने स्टेशनात रचलेल्या पोत्यांकडे बघत बसावे असा तो प्रकार झाला. व्यापारात सरकारने हात घालू नये, हे तत्त्व त्या वेळी वेदवाक्य होते. दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य पुरे, असा सर रिचर्ड टेंपल यांचा प्रयोगही त्याच काळातला. त्यावर लोकांनी कामे सोडली, आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारच्या दारी एकामागून एक अर्ज लोटले. धान्याचा हिशेब इथे कोठीघराबाहेर येऊन छापील अहवालात बसला. १८८० चा दुष्काळ आयोग आणि १८८३ ची दुष्काळसंहिता ही त्याची पुढची पायरी. पाऊस किती टक्के झाला, भाव किती चढले, लोक गाव सोडू लागले की नाही, यांवरून संकट ओळखायचे आणि कामे काढायची. म्हणजे घरातल्या बाईने कणगीला टिचकी मारून ओळखायचे ते आता कलेक्टराने तक्त्यावरून ओळखायचे.

पुढचा रस्ता आपल्या पाहण्या-ऐकण्यातला आहे. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आले, आणि घरात दोन महिन्यांचा साठा असणे हे कर्तेपणाचे लक्षण होते ते साठेबाजीचे होऊ शकते, हे लोकांना प्रथमच कळले. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, ते नेमके वर्षाचे गहू-तांदूळ भरून झाल्यावर. पूर ओसरल्यानंतर कित्येक दिवस त्या बोळांतून कुजक्या धान्याचा वास येत होता, असे तेव्हाचे लोक सांगतात. १९७२ च्या दुष्काळात कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे खडी फोडीत होती. तांबडा मिलो आणि सुकडी यांवर तो मुलूख जगला. पेवांनी तेव्हा काही केले नाही, कारण पेवे उरलीच नव्हती. पण लोक पूर्वीसारखे मेले नाहीत, आणि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सांगलीजवळ हरिपूर येथे, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर, पेवांची एक वसाहत मात्र फार काळ टिकून होती. तिथे धान्याऐवजी हळद साठवीत. त्या मातीत पाणी झिरपत नाही असा अनुभव असल्याने सांगलीच्या व्यापाऱ्यांनी शेकडो पेवे तिथे खणली होती, आणि हळद त्यांत वर्षानुवर्षे न किडता, न रंग उतरता राहत असे. पेवाच्या पावत्यांवर पेढ्यांतून पैसेही उचलता येत. २००५ च्या महापुरात नदी तिथवर चढली, पेवांत पाणी शिरले, आणि त्यानंतर बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. एक पूर आला आणि व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. पाणी जिथे कधी आले नव्हते तिथे ते आले, एवढेच कारण त्यांना पुरले.

आमचा जुना वाडा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात होता. काही वर्षांपूर्वी भाऊबंदकी मिटून वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याच्या चौकात पाया खणायला घेतला, तेव्हा एका ठिकाणी पहार नेहमीसारखी न वाजता पोकळ वाजली. माती उपसल्यावर गोल फरशी लागली. मजुरांत एकदम धनाच्या हंड्याची कुजबुज सुरू झाली. मिस्त्री, साठीच्या पुढचा गृहस्थ, तेवढा काही न बोलता विडी विझवून बाजूला उभा राहिला. दोन पोरांनी फरशी सरकवली, त्यांतल्या एकाने पालथे पडून मोबाईलचा उजेड आत टाकला, आणि तळ दिसतोय, रिकामे आहे, उतरतो, म्हणून तो पाय सोडणार इतक्यात मिस्त्रीने त्याची बंडी मागून धरली. “उजेडानं काय कळतंय बाबा,” तो म्हणाला, “जा, वहिनींकडनं निरांजन घेऊन ये.”

निरांजन आले. सुतळीची झोळी करून त्याने ते हळूहळू आत सोडले. तोंडाशी ज्योत सरळ होती. पुरुषभर खाली गेल्यावर ती बारीक झाली, निळसर झाली, आणि मग एकदम नाहीशी झाली. पोरगा तोंडाशीच बसला होता. तो उठून मागे सरकला. मिस्त्रीने सुतळी वर ओढली, विझलेली वात चिमटीत धरून पाहिली, आणि फरशी तशीच उघडी ठेवून त्या दिवशीचे काम पलीकडच्या कोपऱ्यात लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरांजन तळाशी जळत राहिले, तेव्हा तो स्वतः उतरला. धन नव्हते. मूठभर काळा पडलेला कडबा त्याने वर दिला, आणि मग स्वतः वर येऊन हात पुढे केला. तळहात काजळीने भरलेला होता. पेव शेकले तेव्हाची ती काजळी; कोणत्या साली, कोणत्या आजोबांनी, हे आता आमच्यात सांगणारे कोणी नाही. त्याने हात धोतराला पुसला आणि वाळूचे किती ट्रक लागतील ते मोजू लागला.